ग्लास धरलेला हात

एका घरात दोन चित्रकार नांदायला लागले की काय होतं ते बघायचं असेल तर थोरलीच्या घरी जावं. एकाच खोलीत समोरासमोर दोन टेबलं. एकावर टाक, शाईच्या बाटल्या, डागाळलेली फडकी, पेन्सिलींची थोटकं आणि कागदांचा असा ढीग की खाली टेबल आहे हे विश्वासानंच मानायचं. हे थोरलीचं. दुसऱ्या टेबलावर कॉम्प्युटर, आणि बाकी काही नाही. कप नाही, कागद नाही, धुळीचा कण नाही. हे तिच्या नवऱ्याचं. दवाखाने, विमानतळ, मोठाल्या इमारती यांच्यासाठी तो खुणेच्या पाट्या करायचा. जिना इकडे, पाणी तिकडे, इथे थांबा, इथे शिरू नका. सगळं सपाट रंगात, एकाच जाडीच्या रेघेत, कोपरे गोल केलेले. थोरलीच्या धाकट्या भावानं त्याचं नाव ठेवलं होतं ठोकळेबुवा, आणि ते असं चिकटलं की कधीकधी फोनवर तो स्वतःच तेच नाव सांगून बसायचा.

थोरली मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांत चित्रं काढायची. तिचं झाड म्हणजे पान न् पान, ढोलीतला पक्षी, आणि त्याच्या चोचीतली अळीसुद्धा. सावली भरायची तर आडव्यातिडव्या रेघांचं बारीक जाळं विणूनच, नाहीतर नाही.

"तुझ्या चित्रात शिरलेला माणूस जेवायला तरी बाहेर येतो का गं?" ठोकळेबुवा विचारायचा.

"तुझ्या चित्रात शिरायला दार आहे कुठे?" ती म्हणायची.

लग्न झाल्यापासून हे भांडण चालू होतं आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याची गोडी लागली होती. धाकटा आला की मधल्या स्टुलावर बसून आलटून पालटून दोघांची बाजू घ्यायचा आणि भांडण पेटलं की हळूच चहा मागायचा. आता धाकटा येणार नव्हता.

झालं होतं ते असं. आईला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. ती दवाखान्यात बेशुद्ध होती तेव्हा तिला बघायला निघालेल्या धाकट्याच्या स्कूटरला उड्डाणपुलाच्या वळणावर ट्रकनं उडवलं. जागच्या जागी गेला तो. आईनं डोळे उघडले तोवर त्याचं सगळं उरकलंसुद्धा होतं. डॉक्टर म्हणाले, "इतक्यात त्यांना धक्का नको." ते वाक्य मावशीनं असं काही उचललं की विचारू नका. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण. झटका आल्यापासून थोरलीकडेच मुक्कामाला होती. तिनं एकेकाला कोपऱ्यात घेऊन दम दिला, "पोरगा गेला तो गेला. बहीण हातची घालवायची नाहीये मला. जो तोंड उघडेल त्याची माझ्याशी गाठ आहे, सांगून ठेवते."

सगळे मूग गिळून बसले. गंमत बघा, गप्प बसणं मुळीच जड गेलं नाही, कारण जिच्यापासून लपवायचं तिला विचारताच येत नव्हतं. आई थोरलीच्या घरी आली, खिडकीशेजारच्या पलंगावर पडून राहिली, आणि दार वाजलं की मान वळवून बघायची. बस्स, इतकंच. ती मान थोरलीला बघवायची नाही. ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडून उभी राहायची.

आईला बोलकं करायला एक बाई घरी यायला लागल्या. आजाऱ्यांची वाचा परत आणायचं शिक्षण घेतलेल्या. घरात त्यांना वाचाताई म्हणायला लागले. त्यांनी आईला तपासलं आणि म्हणाल्या, "आईंना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतंय. लांबलचक बोललं की निसटतं, पण चेहरे कळतात, चित्रं कळतात. डावा हात चांगला आहे. आपण चित्रांची कार्डं करू. हवं त्या कार्डावर त्या बोट ठेवतील."

"कार्डं ना? हा हा म्हणता करतो," ठोकळेबुवा म्हणाला.

"तू नाही, मी करते," थोरली म्हणाली.

वाचाताई हसल्या. "दोघंही करा. खरंच सांगते. काहींना साधी खूण चटकन कळते, काहींना खऱ्यासारखं चित्र लागतं. दोन्ही पुढ्यात ठेवू आणि त्यांनाच ठरवू दे. आणि घरातल्या माणसांचीही करा हं, त्यांना कुणाला बोलवायचं असेल तर."

वाचाताईंना धाकट्याचं ठाऊक होतं. पण बोलून झाल्यावर त्यांना ते आठवलं.

"माणसांची नकोत," मावशी हलक्या आवाजात म्हणाली. "सगळ्यांची काढली आणि त्याचं गाळलं तर तिला संशय येईल. आणि त्याचं काढलं तर ती रोज त्याच्यावर बोट ठेवील. मग काय सांगायचं? कुणाचीच नकोत."

ठरलं. पाणी, सूप, दूध, पांघरूण, उशी, संडास, दुखतंय, खिडकी उघडा, दिवा लावा. माणूस एकही नाही. म्हणजे काय केलं यांनी, बघा जरा. बोलता न येणाऱ्या बाईला मोजके शब्द द्यायचे आणि त्यातून तिच्या लेकराचा शब्द आधीच काढून घ्यायचा. थोरलीला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. तिनं मान डोलावली आणि टाक शाईत बुडवला.

ठोकळेबुवाची कार्डं संध्याकाळपर्यंत तयार. थोरलीनं दिवसचे दिवस घेतले. मग पलंगावर आडवी फळी ठेवून वरच्या ओळीत त्याची, खालच्या ओळीत तिची अशी कार्डं मांडली आणि सामना सुरू झाला. संडासाच्या कार्डात ठोकळेबुवा सपशेल जिंकला. त्याच्या खुणेवर आईनं ताबडतोब बोट ठेवलं. थोरलीच्या संडासात नळ होता, बादली होती, भिंतीला ओल होती, आणि एक फरशी तडकलेली होती. आई त्या तडकलेल्या फरशीकडेच इतका वेळ बघत बसली की व्हायचं ते पलंगावर झालं.

"घे," ठोकळेबुवा चादर बदलता बदलता म्हणाला, "तुझ्या कलेची किंमत."

पण 'थंडी वाजते' म्हणून त्यानं काढलेला बर्फकणाचा सहा पाकळ्यांचा तारा आईला अजिबात कळेना. थोरलीनं काढलेलं जाडं, कडेला विसविशीत झालेलं पांघरूण तिला लगेच कळलं. 'दुखतंय'मध्ये दोघंही आपटले. त्याच्या माणसाच्या अंगावर लाल ठिपका होता, तो आईनं नखानं खरवडून बघितला. थोरलीनं वेदनेनं पिळवटलेला चेहरा काढला होता, सुरकुतीन् सुरकुती. तो बघून आई इतकी भेदरली की कार्ड उचलून कपाटात टाकावं लागलं. तरीही घरात कितीतरी दिवसांनी थोडा जीव आला होता. मावशीसुद्धा दारातून डोकावून "आता कोण पुढे?" म्हणून विचारायची.

आणि मग पाण्याचं कार्ड आलं.

ठोकळेबुवाचं पाणी म्हणजे निळा ग्लास, त्यात एक लाट. आईनं ते बघितलंही नाही. थोरलीच्या कार्डात टेबल होतं, टेबलावर सुरकुतलेलं कापड, ग्लास, ग्लासात उमटलेली खिडकी, आणि ग्लास धरलेला हात. आईनं ते बघितलं मात्र, आणि बोट टेकवलं. नुसतं टेकवलं नाही, ठोकलं. ठक, ठक, ठक.

"तहान लागलीय!" थोरली धावली. साधं पाणी आईच्या घशात अडकायची भीती, म्हणून पावडर घालून दाट केलेलं पाणी चमच्यानं द्यायचं. तिनं चमचा पुढे केला. आईनं ओठ घट्ट मिटले आणि परत कार्डावर बोट. ठक, ठक. दूध आणलं, नको. कोमट पाणी, नको. सरबत, नको. नुसता रिकामा ग्लास हातात दिला तर तो तिनं असा भिरकावला की मावशीच्या पायाशी जाऊन फुटला. त्या दिवसापासून आईनं खाणंपिणं जवळजवळ टाकलंच. चमचा दिसला की ओठ मिटायचे आणि बोट त्या कार्डावर. चित्र पाण्याचं, पण पाणी नको. मग हवं तरी काय?

वाचाताईंचा चेहरा उतरला. थोरलीला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "चित्र आणि वस्तू यांचा मेळ त्यांना लागत नसेल तर कठीण आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा नुकसान जास्त झालेलं दिसतंय." डॉक्टर आले, नाडी बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. या वयात एकदा नळी गेली की ती निघणं अवघड असतं. आणि त्या ओढून काढू नयेत म्हणून हात बांधावा लागेल."

"कुठला हात?" थोरलीनं विचारलं. वेड्यासारखा प्रश्न. आईला चालता हात होताच एक.

डॉक्टर गेले आणि घरात भांडण उसळलं. या वेळचं भांडण गोडीचं नव्हतं.

"तुझं कार्ड काढून टाक," ठोकळेबुवा म्हणाला. "माझं ऐक. तुझं चित्र एका वेळी पन्नास गोष्टी बोलतं. पाणी म्हणतं, टेबल म्हणतं, कापड म्हणतं, खिडकी म्हणतं. आजारी माणसानं त्यातून काय उचलायचं? खूण कशी हवी? एकच गोष्ट सांगणारी. सांगितलं, संपलं."

"तुझ्या खुणेकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही!"

"बघेल. तुझं समोर नसलं की बघेल. हौस कर, पुस्तकात कर, पण आईच्या जिवावर नको करूस."

हे शेवटचं थोरलीच्या काळजाला लागलं. तिनं आपली सगळी कार्डं गोळा केली, रबर बांधलं आणि टेबलाच्या खणात टाकली. फळीवर फक्त ठोकळेबुवाची स्वच्छ, गोल कोपऱ्यांची कार्डं उरली. आईनं फळीवर नजर फिरवली. एकदा. परत एकदा. डाव्या हातानं तिनं सगळी कार्डं चाचपली, खालीवर केली, चादरीखाली शोधलं. मग फळी ढकलून दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी दार वाजलं तेव्हा तिनं मानही वळवली नाही.

ठोकळेबुवाही हबकला, कारण तो दुष्ट नव्हता, फक्त नेटका होता. तोच येऊन तिच्या टेबलापाशी उभा राहिला. "एक करून बघू. मी पाटी बिघडली की करतो तसं. एकेक गोष्ट काढत जायची. जी काढल्यावर काम थांबेल, ती कामाची. तुझं कार्ड परत काढ, पण टेबलाशिवाय."

तिनं काढलं. दुपारच्या उजेडात आईच्या पुढ्यात धरलं. आईनं मान वळवली. बोट आलं. ठक, ठक.

"आता कापड नको."

ठक, ठक.

"ग्लासातली खिडकी नको."

ठक, ठक. आईचे डोळे चमकत होते. म्हणजे कळत होतं तिला! सगळं कळत होतं!

"आता हात नको. नुसता ग्लास."

थोरलीनं नुसता ग्लास काढला, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं, काचेच्या जाडीसकट. आईचं बोट खाली आलं आणि कागदाच्या वर लटकत राहिलं. मग ते ग्लासाला न शिवता बाजूच्या कोऱ्या कागदावर उतरलं, जिथे आधी हात होता तिथे. तिथेच ते चाचपायला लागलं. आईनं कागद उलटा केला आणि मागं बघितलं. मागं काही नव्हतं. तिनं थोरलीकडे बघितलं, आणि ती नजर अशी होती की थोरलीला मान खाली घालावी लागली.

तिनं पहिलं कार्ड खिडकीशी नेलं. हात होता, साधा पुरुषी हात, ग्लास धरलेला. करंगळी बाहेरच्या बाजूला जराशी वाकलेली.

"अगं बाई गं," थोरली म्हणाली.

लहानपणापासून हात काढायचा म्हटलं की तिला धाकटा लागायचा. कप धर, दोरी धर, काठी धर, आणि हलू नकोस. "ताई, चहाही गार झाला आणि माझा हातही गार झाला," असं कुरकुरत तो तासन्‌तास बसायचा. झेल घेताना त्याची करंगळी मोडली होती आणि ती वाकडीच जुळली. ती करंगळी थोरलीनं इतक्या वेळा काढली की पुढे समोर कुणी नसतानाही टाक तिथे आपोआप वळायचा. तिच्या पुस्तकांतल्या राजाची करंगळी वाकडी, चेटकिणीची वाकडी, शिंप्याचीही वाकडी. कुणाच्या कधी लक्षात आलं नाही. तिच्याही नाही. आईच्या मात्र पहिल्या नजरेत आलं. सगळ्यांनी मिळून जो शब्द गाळला होता तो टाकानं गुपचूप आत सारला होता, आणि आई इतके दिवस ओरडून तेवढाच एक शब्द बोलत होती. माझा मुलगा कुठे आहे? आणि ही सगळी शहाणी माणसं तिला चमच्यानं पाणी पाजत होती.

थोरली ढसाढसा रडली. मावशीला बोलावून तिनं ती करंगळी दाखवली. मावशी खाली बसली, पण मोडली नाही. "ठीक आहे," ती म्हणाली, "विचारतेय तर उत्तर देऊ. बाहेरदेशी कामाला गेलाय म्हणून सांगू. जावयांना विमानाचं चित्र येतं ना? तेवढं काढा. तिच्या पोटात दोन घास जाऊ देत, मग पुढचं पुढे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नळी घेऊन येणार होते. बुडत्या माणसाला काय विचारता? थोरली हो म्हणाली. ठोकळेबुवानं विमान काढलं, शेजारी बॅग काढली. स्वच्छ, ठळक, दुरूनही कळेल असं. फळीवर हाताच्या कार्डाला लागून विमान ठेवलं. आईनं हात बघितला, विमान बघितलं, परत हात बघितला. आणि तिचा चेहरा असा उजळला, असा उजळला की बघवेना. तिनं सूप घेतलं. भरपूर घेतलं. मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि थोरलीला खुणेनं म्हणाली, बघितलंस?

नळी टळली. पण आता आईनं दारावर डोळे लावले ते हटवेचना. विमानावर बोट, हातावर बोट, दारावर बोट. दूधवाला आला की धडपडून उठायला बघायची. विमानावर बोट, दारावर बोट. कधी? कधी येणार? 'कधी'चं कार्ड नव्हतं, म्हणून ती ते डोळ्यांनी विचारायची, आणि उत्तर मिळेना तशी पुन्हा ओठ मिटायला लागली. एका सकाळी तिनं विमान मुठीत चुरगाळलं.

ठोकळेबुवानं तो बोळा उचलून सरळ केला.

"मी आजवर एकही बाण चुकीच्या दिशेला लावला नाही," तो म्हणाला. "माणसं घाबरलेली असतात गं, घाईत असतात, पाटी सांगेल तिकडे डोळे मिटून जातात. आईंना मी उलट्या बाजूला पाठवलंय. मला हे नाही जमणार."

"मलाही नाही," थोरली म्हणाली.

मावशीनं दारात दोन्ही हात आडवे लावले. "मरेल ती! तुम्हाला कळत कसं नाही?"

"अशीही मरतेच आहे, मावशी. आणि वाट बघत मरतेय. सर तू."

मावशी सरली नाही, पण तिचे हात खाली आले.

थोरली पलंगाच्या कडेला बसली. "आई," ती म्हणाली. तोंडानं सांगायची छाती होईना. मग तिनं फळीवर कोरा कागद घेतला आणि आईच्या डोळ्यांदेखत हात काढायला लागली. मनगट, मनगटावरची शीर, बोटांची पेरं, नखं, करंगळी. सावलीसाठी रेघांचं जाळं. आई भुकेल्यासारखी बघत होती. आणि थोरलीच्या लक्षात आलं की हे उलटंच होतंय. ती जितकं काढत होती तितका तो हात जिवंत होत होता. एक रेघ घातली की तो उबदार व्हायचा, दुसरी घातली की आता हलेल असं वाटायचं. आयुष्यभर कमावलेल्या तिच्या कलेत 'आहे' म्हणायच्या हजार तऱ्हा होत्या. 'नाही' म्हणायची एकही नव्हती.

तिनं वर बघितलं. "तुझ्याकडे आहे ती रेघ," ती नवऱ्याला म्हणाली. "तिरकी. तू घाल."

ठोकळेबुवानं जाड मार्कर उघडला. सिगारेटवर, कुत्र्यावर, गाडीवर, मोबाइलवर ती तिरकी रेघ त्यानं मोजता येणार नाही इतक्या वेळा मारली होती. तो वाकला. मार्करचं टोक कागदापाशी गेलं आणि तिथेच थांबलं. ज्याची रेघ पट्टीशिवाय सरळ यायची त्या माणसाला ती ओढवेना. "माणसावर नाही गं मारलेली कधी," तो म्हणाला आणि त्याला हुंदका आवरेना.

आई त्याच्याकडे बघत होती. मग तिनं थोरलीकडे बघितलं, मग दारातल्या मावशीकडे, जिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. सगळे चेहरे तिनं सावकाश वाचले. मग डावा हात पुढे करून तिनं जावयाच्या हातातून मार्कर काढून घेतला. मुठीत धरला, लहान मूल धरतं तसा. आणि त्या हातावर, मनगटापासून करंगळीपर्यंत, एक वाकडीतिकडी तिरकी रेघ ओढली.

रेघ संपली आणि तिनं वर बघितलं. विचारत होती ती.

"हो, आई," थोरली म्हणाली.

आईच्या घशातून जो आवाज आला तो त्या घरानं आधी कधी ऐकला नव्हता. शब्द नव्हता तो, त्याला अर्थ लावायची गरजच नव्हती. मावशी धावली आणि बहिणीच्या गळ्यात पडली, आणि इतके दिवस कडक राहिलेली ती बाई लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. आई मेली नाही. डॉक्टर ज्याला भीत होते ते काही झालं नाही. ती दिवसभर रडली, मग निपचित पडून राहिली.

पण खाईना. सूप पुढे केलं की ओठ बंद. आता कुणी "काय हवंय?" म्हणून विचारत नव्हतं, सगळ्यांना कळत होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, उद्या नळी. थोरली वाटी घेऊन नुसती बसली होती. तेवढ्यात आईनं फळीवर थाप मारली. कोऱ्या कागदावर. परत थाप. मग टाकाकडे बोट, आणि परत कागदाकडे.

"पुन्हा काढू?"

आईनं डोळे मिटून उघडले.

थोरलीनं टाक घेतला. मनगट काढलं, मनगटावरची शीर काढली. आईचं तोंड जरासं उघडं राहिलं, बघता बघता राहतं तसं. ठोकळेबुवानं ते बघितलं आणि वाटी उचलून एक चमचा तिच्या ओठांशी नेला. कागदावरची नजर न हलवता आईनं तो गिळला. मग दुसरा, मग तिसरा. पेरं झाली, नखं झाली, सावली भरून झाली. थोरलीनं टाक उचलला आणि आईचे ओठ मिटले ते मिटलेच.

तेव्हापासून हे असंच चाललंय. नळी आली नाही. खाणं झालं की कागद आई उशीखाली घेते, आणि पुढच्या खाण्याला त्याचा काही उपयोग नसतो, नवा लागतो. वाटी ठोकळेबुवा धरतो, चित्र थोरली काढते. घास चालतात ते चित्र चालू असेतोवर. म्हणून थोरली आता फार सावकाश काढते. जिथे एक रेघ पुरे तिथे दहा घालते, बाहीची वीण घालते, अंगावरचे केस घालते, काय काय घालते. तरी वाटीत अजून बरंच उरलेलं असतं, आणि चित्र पुरं होतं.